जुन्या फायरप्लेस इन्सर्टच्या कडेनं गार वारं येतंय, काय करू?

वूस्टरवासी
नमस्कार. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहतो. ऑगस्टमध्ये 1958 सालचं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत विटांची फायरप्लेस आहे आणि तिच्यात लाकडं जाळायचा जुना लोखंडी इन्सर्ट, म्हणजे दार असलेली बंद शेगडी, सरकवलेला आहे. घर बघायला गेलो तेव्हा मला सगळ्यात जास्त तोच आवडला होता. आता बाहेर उणे 15 सेल्सिअस आहे आणि नेमकं त्याच खोलीत बसवत नाही.

विस्तव असतो तोवर बरं असतं. विझला की तासाभरात इन्सर्टभोवतीच्या पत्र्यामागून गार झोत सुरू होतो. आई साताऱ्याहून आली आहे, 74 वर्षांची. दुपारचं ऊन त्याच खोलीत येतं म्हणून तिची खुर्ची तिथं. रोज म्हणते, "दार कुठं उघडं राहिलंय बघ गं." शेवटी तिनंच देवापुढची उदबत्ती आणून पत्र्याच्या कडेकडेनं फिरवली. वरच्या डाव्या कोपऱ्यात धूर एकदम खोलीकडे आडवा झाला. खाली फरशीजवळही थोडा हलला.

फटीत बोटं घातली तर काळे पडलेले फायबरग्लासचे तुकडे हाताला लागले. दुकानात फटी बुजवायचा फोम मिळतो, तो मारू का? नवरा म्हणतो, काढूनच टाकू. मला ठेवायचा आहे. 2008 च्या डिसेंबरातल्या बर्फाच्या वादळात इथं काही घरांत आठवड्याहून जास्त दिवस वीज नव्हती, शेजारच्या आजी अजून सांगतात. आई घरात असताना मला ऊब विजेवर सोडायची नाही.

मिनेसोटाकर
ताई, फोम अजिबात नको. तो पेट घेतो.

आधी एक सांगा, इन्सर्टमधून वर धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप, म्हणजे लायनर, गेलाय का? 1988 च्या आधीच्या काळात बरेच इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये ढकलून पुढून पत्रा लावत. धूर थेट विटांच्या मोठ्या धुराड्यात. डँपर, म्हणजे धुराड्याच्या तोंडाची झडप, उघडा ठेवावाच लागे, म्हणून तो तारेनं बांधून ठेवत किंवा कापून टाकत. विस्तव विझला की धुराडं थंड पडतं, आणि ते घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर फारच लवकर. जड गार हवा त्यातून खाली उतरते आणि तुमच्या पत्र्यामागून खोलीत येते. म्हणजे आईंचं खरंच आहे, वर एक दार उघडं आहे.

लायनर नसेल तर फटी बुजवायच्या भानगडीत पडू नका. अशा धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे ती चिकट काळी काजळी, भराभर साचते आणि पेटते. धुराडं साफ करणाऱ्या जाणकाराला बोलवा. तो बघून जाईपर्यंत इन्सर्ट पेटवू नका, ही विनंती.

व्हरमाँटहून
वरचं सगळं बरोबर. लायनर असेल किंवा बसवून घेतलात, तर वाऱ्यावरचा खरा उपाय डँपरच्या जागी पत्रा ठोकणं हाच. मी स्वतः केलंय. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, कारण जुन्या फायरप्लेसचा एकही कोपरा काटकोनात नसतो. तो साचा चारदा कापावा लागला, पुढचं काम एका दुपारचं. पत्र्याला पाइपापुरतं भोक, कडेला भट्टीचं सिमेंट आणि वरून मिनरल वूल. ती दगडाची लोकर 1000 अंशांनाही टिकते. फायबरग्लास तिथं नको. त्यातला चिकटद्रव जळून वास येतो आणि मग ते भुसभुशीत होतं. तुमच्या हाताला लागलं ते तेच.

इन्सर्टच्या दाराच्या कडेची फट बंद करणारी दोरी, म्हणजे गॅस्केट, तीही तपासा. डॉलरची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर गॅस्केट गेलंय.

पुणे ते टोरंटो
फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावता ना? तो आणि कपडे वाळवायचं मशीन घरातली हवा बाहेर फेकतात. तेवढी हवा कुठून तरी आत येणारच, आणि उघडं धुराडं हा तिला सगळ्यात सोपा रस्ता. विस्तव असताना तर धूरही उलटा खोलीत येऊ शकतो. तेव्हा एखादी खिडकी बोटभर उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या खोलीजवळ आणि आईंच्या खोलीबाहेर, दोन्हीकडे हवा.

वूस्टरवासी
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मिनेसोटाकर दादा, लायनर नव्हता. डँपर तारेनं बांधलेला होता आणि वर धुराड्यात काजळीचा चकचकीत थर. साफ करणाऱ्यानं तो टॉर्चनं दाखवला तेव्हा माझे हातपाय गार पडले. ऑक्टोबरपासून आम्ही रोज पेटवत होतो आणि आई त्याच्यासमोर झोपायची.

टाऊनचं परमिट घेऊन 6 इंची स्टेनलेस लायनर बसवून घेतला, वर मिनरल वूल आणि पत्रा. इन्सर्ट ओढायला तीन माणसं लागली. तो बाहेर आल्यावर खालच्या वाऱ्याचं कारणही सापडलं. फायरप्लेसच्या तळाला राख तळघरात पाडायचं लोखंडी झाकण आहे, ते वाकडं झालं होतं. सरळ करून कडेनं भट्टीचं सिमेंट भरलं. दाराची दोरी अजून बदलायची आहे. नोट निसटते.

काल रात्री विस्तव विझल्यावर आईनं पुन्हा उदबत्ती फिरवली, चारही कडांनी. धूर सरळ वर गेला. मग तिनं ती देवापुढे नेऊन लावली.