मदत हवी आहे : क्षयरुग्णांपर्यंत पोषण आहार गाजावाजा न होता कसा पोहोचवायचा?

मिरजेजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) निक्षय मित्र, म्हणजे सरकारी योजनेत क्षयरुग्णांना पोषण आहार पुरवणारे मदतनीस, म्हणून 8 क्षयरुग्णांची सहा महिन्यांची जबाबदारी घेतली आहे. प्रत्येकाला महिन्याला 3 किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, 1 किलो शेंगदाणे देतो. पैशांची अडचण नाही, वर्गणी जमली आहे.

अडचण पोहोचवण्याची आहे. पहिल्या महिन्यात पाळकसाहेब आणि मी घरोघरी गेलो. शेजारी विचारू लागले, एका ताईंनी तर "पुन्हा येऊ नका" म्हणून हात जोडले. आजार लपवावा लागतो हे आम्ही आधीच ओळखायला हवे होते. मग उपकेंद्रात वाटप ठेवले, तर मजुरीला जाणारे दोघे आलेच नाहीत. खाडा परवडत नाही. आशाताईंवर आणखी ओझे टाकायचे नाही.

प्रार्थना, पत्रके, फोटो यांतले काहीही आम्ही करत नाही. रुग्ण बहुतेक इतर धर्मांचे आहेत, त्यांना कसलेही दडपण वाटू नये.

आता किराणा दुकानदाराकडे चिठ्ठी ठेवावी, रुग्णाने सवडीने सामान न्यावे, असा विचार आहे. कुणी असे केले आहे का? दुकानदाराला आजार न कळता हिशेब कसा ठेवलात, आणि निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या नोंदींचे सरकारी संकेतस्थळ) वाटपाची नोंद कुणी केली?