ग्रीक इतिहासकार परक्या लोकांबद्दल काय लिहितात? वाचायला सुरुवात कुठून करू?

पानगळ
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला पाऊण तास बोलायचंय, विषय मीच मागून घेतला, ग्रीक लोक इतरांकडे आणि स्वतःकडे कसं बघायचे. शाळेपासून डोक्यात एवढंच बसलंय की ग्रीक सोडून बाकी सगळे त्यांच्या लेखी 'बार्बरियन', म्हणजे रानटी. पण ते खरंच इतकं सरळ होतं का? इंग्रजी वाचू शकते, फक्त फार जड नको आणि मूळ लेखकच वाचायचेत, त्यांच्यावरची पुस्तकं नंतर. काय वाचू, कुठल्या क्रमाने?

तळघरातला_दिवा
ताई, डोळे झाकून हेरोडोटस, इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका, नऊ भाग आहेत, दमाल. आधी तिसऱ्या भागातलं ३८वं प्रकरण वाचा, जेमतेम पानभर आहे. पर्शियाचा दारियस बादशहा दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणतात कितीही दिले तरी नाही. मग तो कल्लातिय नावाच्या हिंदुस्थानी लोकांना बोलावतो, हे लोक आईबाप खातात असं हेरोडोटस सांगतो, आणि त्यांना विचारतो किती घेऊन तुम्ही बापाला जाळाल? तर ते ओरडतातच, असलं अभद्र बोलू नका म्हणून. आणि हे सगळं ग्रीक तिथंच उभे राहून दुभाष्याकडून ऐकतायत! शेवटी हेरोडोटस म्हणतो की रिवाज हाच सगळ्यांचा राजा. आता ते लोक खरंच तसं करायचे का हा वेगळा प्रश्न, पण ग्रीकांची किळस आणि समोरच्याची किळस त्याने एकाच तराजूत ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

मग दुसरा भाग, इजिप्तचा. त्यात तो म्हणतो इजिप्तमध्ये सगळं उलटं, बायका बाजारात जातात आणि पुरुष घरी माग चालवतात. इथं जरा सावध राहा, कारण हे वर्णन इजिप्तचं कमी आणि ग्रीकांनी आरशात बघितल्याचं जास्त आहे. पण त्याच भागात पुढे तो हेही नोंदवतो की इजिप्शियन लोक त्यांची भाषा न बोलणाऱ्या सगळ्यांना बार्बरियनच म्हणतात, म्हणजे त्यात ग्रीकही आलेच.

भाषांतर म्हणाल तर गॉडलीचं जुनं नेटवर फुकट आहे, विकत घ्यायचं असेल तर लँडमार्क आवृत्ती घ्या, पानोपानी नकाशे आहेत, नकाशाशिवाय हा माणूस वाचणं अवघड.

कोरडा_शेरा
हेरोडोटसला हो, पण एकटा तोच वाचलात तर चित्र फार गोड दिसेल. त्याचं गाव हॅलिकार्नासस, आजच्या तुर्कस्तानातलं बोडरुम, पर्शियन साम्राज्याच्या कडेवरचं, तिथं मिसळ असणारच. पुढे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने त्याच्यावर 'बार्बरियनप्रेमी' म्हणून रागच काढलाय.

हेरोडोटसनंतरचा अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीस, त्याच्या पहिल्या भागाची सुरुवात जोडून वाचा, ३ आणि ६ प्रकरण. तो म्हणतो होमर 'बार्बरियन' शब्द वापरत नाही कारण 'ग्रीक' असं एकच नावच तेव्हा पडलेलं नव्हतं. आणि जुने ग्रीक हत्यार बाळगूनच हिंडायचे, आत्ताच्या बार्बरियनांसारखे. म्हणजे त्याच्या मते फरक रक्ताचा नाही, काळाचा आहे.

मग सातव्या भागातलं मिकॅलेसॉस, इ.स.पू. ४१३. थ्रेसच्या (ग्रीसच्या उत्तरेकडचा, ग्रीकांच्या लेखी बार्बरियन मुलूख) भाडोत्री सैनिकांनी एका छोट्या गावात घुसून बायकामुलं, गुरं काही ठेवलं नाही, मुलं नुकतीच शाळेत येऊन बसली होती, तीही मारली. रानटी जमात म्हणून सोडून देता आलं असतं, पण तो हेही लिहितो की त्यांना माघारी पाठवलं अथेन्सनेच, रोजचा पगार परवडत नव्हता म्हणून, आणि त्यांना घेऊन जाणारा सरदारही अथेन्सचाच. थ्युसिडिडीसच्या स्वतःच्या वडिलांचं नाव ओलोरस, म्हणजे थ्रेसचंच, हे लक्षात ठेवून ते पान वाचा.

तळघरातला_दिवा
मिकॅलेसॉस पाहिजेच, बरोबर. पण मग हेरोडोटसच्या चौथ्या भागातली स्कायलीसची गोष्टही सोडू नका. सिथियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे भटके लोक, हा त्यांचा राजा, आई ग्रीक, तिनेच त्याला ग्रीक भाषा आणि अक्षरं शिकवली. हा सैन्य एका ग्रीक गावाच्या वेशीबाहेर ठेवून एकटा आत जायचा, दरवाजे बंद करून घ्यायचा, सिथियन कपडे उतरवून ग्रीक घालायचा, एकेक महिना राहायचा, तिथं त्याने बायको आणि घरही केलं. शेवटी डायोनायसस या ग्रीक मद्यदेवाच्या उत्सवात नाचताना त्याच्याच लोकांनी बघितलं आणि भावाने डोकं उडवलं. म्हणजे 'आमचं ते आमचं' ही धग फक्त ग्रीकांकडे नव्हती.

आणि ग्रीकपणाची व्याख्या हवी तर आठव्या भागाच्या शेवटी १४४वं प्रकरण, एक रक्त, एक भाषा, सामाईक देवस्थानं, सारखे रीतिरिवाज. हे अथेन्सवाले स्पार्टाच्या वकिलांना सांगतात, कारण स्पार्टाला भीती की हे पर्शियाशी तह करतील. तहाचा निरोप घेऊन आला होता मॅसिडोनियाचा अलेक्झांडर, प्रसिद्ध अलेक्झांडरचा पूर्वज, ज्याला ऑलिंपिकमध्ये धावायला आधी आपण ग्रीक असल्याचं सिद्ध करावं लागलं होतं!

लेणीवाट
भारताचा दुवा हवा असेल तर मेगॅस्थेनिस, चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक वकील. मूळ ग्रंथ हरवलाय, तुकडे एरियन, स्ट्राबो वगैरे नंतरच्या ग्रीक लेखकांकडे उरलेत, मॅक्क्रिंडलचं १८७७चं भाषांतर बघा. तो म्हणतो भारतात सगळे स्वतंत्र, गुलाम नाहीत, तर अर्थशास्त्रात दासांवर अख्खं प्रकरण आहे. त्यामुळे तो पुरावा म्हणून नको, नजर म्हणून वाचा. आणि उलटी बाजू आपल्याकडेच आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर 'यवन' म्हणवणाऱ्या दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत, हा 'यवन' शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरूनच आला. ते दाते खरे ग्रीक होते की कसे यावर वाद आहे, पण खांबासमोर उभं राहून ते अक्षर बघाच.

पानगळ
खूप खूप आभार सगळ्यांचे! काल रात्रीच दारियसचं प्रकरण वाचलं आणि दुभाष्यापाशी थांबलेच, दुसऱ्याचा संताप आपल्या भाषेत ऐकताना त्या ग्रीकांना काय वाटलं असेल. ठरवलंय, भाषणाची सुरुवात त्या दरबारातच करणार, मध्ये स्कायलीस आणि मिकॅलेसॉस, १४४वं प्रकरण शेवटी मोठ्याने वाचून दाखवणार. रविवारी कार्ल्याला जायचंय, लेणीवाट, यवनांचे लेख डावीकडच्या खांबांवर आहेत की उजवीकडच्या?