सतारीबरोबर व्हायोलिन, चेलो आणि कीबोर्ड: सूर कुणाचा धरायचा?

तारांच्या_नादी (विश्रामबाग, सांगली)
मंडळी, सल्ला हवाय. मामेभाऊ पुण्यात व्हायोलिन वाजवतो. त्यांच्या गटात दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि एक कीबोर्ड. डिसेंबरात भावे नाट्यमंदिरात त्यांच्याबरोबर मी सतार वाजवायची असं ठरतंय. राग यमन. माझ्या सतारीचा सा काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेला, ते म्हणतात पांढरी दोनला (दुसरी पांढरी पट्टी) ये. गुरुजींचं म्हणणं, सतारीनं त्यांच्या मागं का पळायचं? त्यात तालमीत कीबोर्डचे कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) सुरू झाले की माझी मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) अधांतरी लटकते. काय करावं?

जवारीवाला (सतारमेकर गल्ली, मिरज)
गुरुजींना माझा नमस्कार सांगा, पण इथं पुण्याच्या पोरांचं बरोबर आहे. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. पांढरी दोन म्हणजे डी. तो सा धरला की त्याच चार तारा म, सा, प, रे होतात आणि वाद्य आपोआप गुंजतं. काळी एकला यातली एकही मोकळी तार सा किंवा प देत नाही. सतार अर्धा सूरच चढवायची आहे. नव्या तारा घाला, तरफा (खालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) चढवा आणि स्थिरावायला चार दिवस द्या.

आता यमन. त्यांची जी तार म्हणजे तुमचा शुद्ध मध्यम, आणि यमनात तो चालत नाही. खमाज घ्या, चारही तारा रागातच बसतात. रविशंकरांनी 1971 साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर, आंद्रे प्रेव्हिनच्या संचालनात, जी सतारीची रचना वाजवली तिचा पहिला भागही खमाजातच आहे. तबल्याच्या जागी त्यात बोंगो आहेत, हे माहीत नसलं तर एकदा कान देऊन ऐका.

मींड लटकते ती कीबोर्डमुळं. तंबोऱ्याच्या सातून जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार निघतो, त्यापेक्षा कीबोर्डचा गंधार सुमारे 14 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले की एक सेंट) चढा असतो. व्हायोलिनवाला कानानं बोट सरकवतो, कीबोर्डला बोटंच नाहीत. हे भांडण आपल्याकडचंच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर, पण 1910 साली बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या बारीक सूरभेदांवर) इंग्रजीत पुस्तक लिहून बसले. पुढं क्लेमंट्स नावाच्या गोऱ्या न्यायाधीशाबरोबर श्रुतींची खास पेटी घडवून घेतली. घरोघरी मात्र साधीच पेटी गेली, ती वाजवायला सोपी.

माझं मत, कीबोर्ड घरी ठेवा.

ऑर्गनवाली (सातारा)
काका, एवढं सरसकट नको हो. संगीत नाटकात इतकी वर्षं ऑर्गन वाजलाच की, आणि लोक रडायचे ते गंधार मोजून नाही! पंचमात फरक फक्त 2 सेंटचा. कीबोर्डवाल्याला सा-प धरू द्या, गंधार त्याच्या हातातून काढून घ्या. बऱ्याच कीबोर्डमध्ये एकेक स्वर सेंटनं खाली आणता येतो, सेटिंगमध्ये शोधायला लावा.

मला खरी भीती वेगळीच वाटते. ती मुलं कागदावरचं वाजवतात. तुम्ही रंगात येऊन दोन आवर्तनं (तालाचे फेरे) जास्त घेतलीत तर सम (फेऱ्याची पहिली मात्रा) कोण दाखवणार?

जवारीवाला
ताई, सा-प मान्य. गंधार सोडला तर माझी तक्रार नाही. समेचं तुम्ही बरोबर पकडलंत. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे त्यांच्या चार मात्रांचे चार बार. गत (तालात बांधलेली धून) आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) लिहून द्या. मोकळा आलाप एकट्यानं करा, तेव्हा त्यांच्याकडून फक्त लांब सा धरून घ्या. ताना घ्यायच्याच असतील तर आवर्तनं आधी ठरवून, आणि शेवटची तान ओळखीची ठेवा, म्हणजे चेलोवाल्याला कधी शिरायचं ते कळेल.

तारांच्या_नादी
खमाजच घेतो. गुरुजींना पांढरी दोनचं अजून सांगायचंय, तेवढं जड जाणार. काका, तरफांत कोणता निषाद लावू?

जवारीवाला
दोन्ही लावा. चढताना शुद्ध, उतरताना कोमल, दोघांनाही तार लागते. तरफा कमी पडल्या तर दुबार लावलेला एखादा स्वर काढा, पण गंधाराची तार हलवू नका. तो तंबोरा ऐकून लावा, ट्यूनर बघून नको.