नुसत्या स्लाइड्स पुरणार नाहीत

वर एकांनी सुचवलंय की सगळ्यांनी आपापल्या स्लाइड्स खुल्या केल्या की पदवीला बायोइन्फर्मेटिक्स (संगणकाने जैविक माहितीचा अभ्यास) शिकवण्याचं भागेल. मला नाही तसं वाटत. स्लाइड्स मिळतात हो, अडतं ते प्रात्यक्षिकाला.

ब्लास्टचंच घ्या, म्हणजे डीएनए किंवा प्रथिनाच्या क्रमाशी मिळतेजुळते क्रम डेटाबेसमध्ये शोधणारं साधन. बीटा-ग्लोबिनचा (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाचा) क्रम देऊन शोध घ्यायला लावणं हा सगळ्यांचा आवडता सराव. पण ई-व्हॅल्यू (इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज) डेटाबेसच्या आकारावरही ठरते आणि डेटाबेस सतत वाढत असतो. मग जुन्या उत्तरसूचीतला आकडा आज जुळत नाही. मुलं गोंधळतात आणि जीवशास्त्रातून या विषयाकडे वळलेले शिक्षकही. म्हणून धड्यासोबत शोधाची तारीख, डेटाबेसचं नाव, सेटिंग्ज आणि एक छोटी, न बदलणारी फास्टा फाइल (क्रम साठवायची साधी मजकूर फाइल) हवीच. आधी तिच्यावर शोध, मग चालू डेटाबेसवर. दोन आकड्यांतला फरक पाहिला की ई-व्हॅल्यू म्हणजे काय ते वेगळं शिकवावंच लागत नाही!

गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्कवाले (गॅलेक्सी या विश्लेषणाच्या मंचाचे खुले धडे बनवणारा समुदाय) धड्याचा डेटा झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायचं खुलं भांडार) ठेवतात, ते अनुकरण करण्यासारखं आहे. त्यांचे धडे सीसी-बाय परवान्याखाली असल्याने मूळ लेखकांचं नाव देऊन बदलताही येतात. परवाना मात्र पहिल्याच दिवशी लिहा, नंतर प्रत्येकाची संमती गोळा करणं फार जड जातं.

शिवाय प्रत्येक धड्याला एक पालक शिक्षक हवा, जो सत्र सुरू होण्याआधी सगळं एकदा चालवून बघेल. सिकलसेलच्या धड्याची (बीटा-ग्लोबिनच्या जनुकात डीएनएच्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी, म्हणून प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन) जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. फायलोजेनीचा (जीवांच्या उत्क्रांतीच्या वंशवृक्षाचा) धडा कोणी घेईल का?