'डार्क पॅटर्न'ला 'चकवा' म्हणावं का?

टाकबोरू:

ॲपमधला मराठी मजकूर लिहिणं हे माझं रोजचं काम. बटणांवरचे शब्द, सूचना, पावतीखालच्या दोन ओळी, असं सगळं. सध्या एका टिपणासाठी 'डार्क पॅटर्न' या शब्दापाशी अडलो आहे. पडद्यावरची मांडणी मुद्दाम अशी करायची की माणसाच्या हातून त्याला नको असलेलं काहीतरी घडावं, हा त्याचा अर्थ. विमा नको असताना विमा घेतला जातो. वर्गणी थांबवायला जावं तर ती चालूच राहते. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश यूएक्स (म्हणजे ॲप-संकेतस्थळं वापरणाऱ्याचा अनुभव) तज्ज्ञाने २०१० मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यांत असे १३ प्रकार नावानिशी दिले. म्हणजे हा शब्द आता डिझायनरांपुरता राहिला नाही. उद्या ग्राहकाला मराठीत तक्रार लिहायची झाली तर त्याला तो लागणार.

'काळे नमुने' म्हटलं तर काळा बाजार, काळा पैसा या ओळीत तो बसतो खरा, पण 'नमुने' कुठले हे कळत नाही. 'गडद आकृतिबंध' वाचून माझ्या डोळ्यांपुढे पैठणीचा काठ येतो. मला 'चकवा' सुचतो आहे. जाणकारांनी मत द्यावं.

पायवाट:

शब्द ओळखीचा आहे म्हणूनच लिहितो. आमच्या संगमेश्वराकडे चकवा 'लागतो'. तिन्हीसांजेला बाजारातून परतणारा माणूस रोजच्या वाटेवर असतो, रोजचा ओढा ओलांडतो, आणि चालून चालून पुन्हा त्याच वडाखाली येतो. आजोबा सांगायचे, चकवा लागला की पाय उचलायचा नाही. आहे तिथे बसायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत उठायचं नाही.

माझी हरकत अशी की चकव्यात फसवणारा कुणी दिसत नाही. वाट चुकते, तीही आपोआप. तुमच्या ॲपमध्ये मात्र फसवणारा माणूस आहे, पगार घेऊन ते बटण तिथे ठेवणारा. त्याचं कर्म भुताखेतांच्या नावावर कशाला लिहायचं? सरळ 'लबाडी' म्हणा.

दुसरी फळी:

माझी हरकत उलट्या बाजूने. मी शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडे चकवा 'देतात'. खो-खोत धावणारी पोर उजवीकडे झुकते आणि डावीकडून निसटते, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवतो. फिरकीपटूने फलंदाजाला चकवलं तर ती त्याची करामत. इतका कौतुकाचा शब्द लबाडीला कसा द्यायचा?

टाकबोरू:

दोन्ही हरकती मोलाच्या आहेत. गंमत म्हणजे दोघांनी मिळून शब्दाची दोन क्रियापदं समोर ठेवलीत: चकवा लागतो आणि चकवा देतात. लागतो तेव्हा वाक्याचा सगळा भार वाट चुकलेल्यावर असतो, देतात तेव्हा देणाऱ्यावर. मला हवी असलेली गोष्ट नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे. ज्याला लागतो त्याला वाटतं आपलंच चुकलं, आपल्यालाच मोबाइल कळत नाही. प्रत्यक्षात तो कुणीतरी दिलेला असतो. एकच शब्द दोन्हीकडून वापरता येणं हे मला त्याचं बळ वाटतं. 'लबाडी'त दुसरी बाजू आहे, पहिली नाही.

खेळाबद्दल म्हणाल तर मैदानावर दोघांनाही ठाऊक असतं की खेळ चालू आहे. फलंदाज बॅट घेऊन उभा असतो, चेंडू वळणार हे त्याला माहीत असतं. तिकीट काढणाऱ्याला आपण कुणाशी खेळतो आहोत हे माहीतच नसतं. त्यामुळे कौतुकाचा रंग इथे येणार नाही असं मला वाटतं. 'पोलिसांना चकवा देऊन पसार' या बातमीत तो कुठे येतो?

हा शब्द मला कोशातून सुचला नाही, मावशीमुळे सुचला. ते सांगतो.

मावशीचं वय ७१. बसचं तिकीट तिने स्वतः फोनवर काढलं होतं, आणि गुडघा सुजला म्हणून ते रद्द करायला बसली. कोणत्या कंपनीचं ॲप हे महत्त्वाचं नाही. तिने प्रवासाच्या पानावर 'रद्द करा' दाबलं. एक चौकोन वर आला: 'तुम्हाला खात्री आहे की तुम्ही रद्द करू इच्छिता?' खाली दोन बटणं. डावीकडे ठसठशीत निळं 'रद्द करा'. उजवीकडे फिकट राखाडी 'सुरू ठेवा'. तिने निळं दाबलं. चौकोन गेला, आधीचं पान आलं. तिला शंका आली म्हणून पुन्हा वरचं 'रद्द करा', पुन्हा चौकोन, पुन्हा निळं. पुन्हा तेच पान. मग तिने फोन ठेवून दिला. बस तिच्या आसनासह गेली आणि पैसे बुडाले. मी बघायला गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, मी रद्द केलं होतं रे. एकदा नाही, दोनदा केलं."

निळं 'रद्द करा' म्हणजे हा चौकोन रद्द करा, तिकीट तसंच राहू द्या. राखाडी 'सुरू ठेवा' म्हणजे रद्द करण्याचं काम सुरू ठेवा. पायवाट यांचे आजोबा सांगायचे तसंच झालं. रोजचा ओढा, आणि चालून चालून पुन्हा त्याच वडाखाली.

खिळेछाप:

पण हा डार्क पॅटर्न आहे की वाईट भाषांतर? इंग्रजीतही 'कॅन्सल'चा हा घोळ होतोच.

टाकबोरू:

होतो. पण मराठीत तो जास्त खोल जातो आणि त्याचं कारण 'रद्द' या शब्दातच आहे. रद्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. परत लावणे, नाकारणे हा त्याचा अर्थ. रद्दबातल त्यातूनच, आणि रद्दीसुद्धा, नाकारून बाजूला टाकलेली ती रद्दी. मराठीत रद्द होते ती आधी ठरलेली, उभी असलेली गोष्ट. सभा रद्द होते, करार रद्द होतो, गाडी रद्द होते. सहलीचा बेतही रद्द होतो, कारण बेत ठरलेला असतो. पण कुणी विचारलं, "चहा टाकू का?" तर आपण 'रद्द' म्हणतो का? 'नको' म्हणतो, 'राहू दे' म्हणतो. इंग्रजी 'कॅन्सल' ही दोन्ही कामं करतो, मराठी 'रद्द' एकच करतो. म्हणून मावशीने ते बटण एकाच अर्थाने वाचलं आणि तिने ते बरोबर वाचलं. मराठी तिची चुकली नाही, ॲपची चुकली.

हे घडतं कसं तेही सांगतो, कारण मी त्या रकान्यात रोज बसतो. भाषांतराला मजकूर येतो तो लांबलचक तक्त्यात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामा रकाना. 'कॅन्सल' हा शब्द तक्त्यात अनेकदा एकदाच असतो, ॲपमध्ये मात्र ५० ठिकाणी लागतो. भाषांतर करणाऱ्याला पडदा दिसत नाही. सोबत संदर्भ लिहायची सोय कित्येक प्रणालींत असते, पण लिहिणाऱ्याने तो लिहायला हवा ना. आता यंत्राकडूनच सगळा तक्ता भरून घेतात. यंत्र 'रद्द करा' लिहितं, आणि त्या एका शब्दापुरतं ते बरोबरही असतं.

हे झालं अनवधान. पण निळा आणि राखाडी हे रंग अनवधानाने येत नाहीत. ज्या बटणाने कंपनीचे पैसे वाचतात ते ठसठशीत आणि दुसरं फिकट, हे कुणीतरी ठरवलं. मार्गदर्शक तत्त्वांत याला वेगळं नाव आहे, इंटरफेस इंटरफिअरन्स. गोंधळात टाकणाऱ्या शब्दरचनेला वेगळं, ट्रिक क्वेश्चन. मावशीच्या चौकोनात दोन्ही होते. अधिसूचनेतली व्याख्या थोडक्यात अशी: दिशाभूल करण्यासाठी रचलेली मांडणी, जिच्यामुळे ग्राहक मुळात जे करणार नव्हता ते करतो. तेव्हा तुमचा प्रश्न रास्त आहे. शब्दाच्या बाबतीत मी अनवधान धरेन, रंगांच्या बाबतीत धरणार नाही.

पायवाट:

मावशींची हकीकत वाचून माझी हरकत निम्मी मागे घेतो. उरलेली निम्मी अशी की कायद्याच्या भाषेत चकवा चालणार नाही. न्यायालयात 'मला चकवा लागला' म्हणून कसं सांगणार?

टाकबोरू:

मान्य. औपचारिक मजकुरात 'फसवी रचना' ठेवू. खुद्द ब्रिग्नल यांनीही पुढे 'डार्क' सोडून 'फसव्या रचना' या अर्थाचा शब्द घेतला, म्हणजे आपण मूळ कल्पनेपासून दूर जात नाही. काळेपणाचा आणि वाईटपणाचा संबंध जोडू नये, हाही आक्षेप त्या जुन्या नावावर होताच. बोलण्यात, बातमीत, वर्गात मात्र 'चकवा'. नाम पुल्लिंगी, अनेकवचन चकवे, सामान्यरूप चकव्या-. 'या ॲपमध्ये तीन चकवे आहेत.' 'विम्याच्या चकव्यात सापडलो.' 'फसव्या रचना'ने अशी वाक्यं करून बघा, जीभ अडखळते.

दुसरी फळी:

मग त्या १३ प्रकारांनाही अशीच नावं द्या की. एकाच प्रकाराला मी आधीच नाव ठेवलं आहे. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि थांबवायला सात पानं, त्याला चक्रव्यूह. अभिमन्यूला आत जाता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं.

टाकबोरू:

चक्रव्यूह सुंदर आहे, तरी मला एक खटकतं. अभिमन्यू जाणूनबुजून शिरला होता. बाहेरची वाट आपल्याला ठाऊक नाही हे त्याने आधी सांगितलं होतं. वर्गणीदाराला आत शिरताना हे कुणी सांगत नाही. मी आपला 'वर्गणीचा सापळा' म्हणतो.

सगळे १३ आत्ता घेत नाही, काहींना साधं मराठी नाव आधीच आहे. 'नॅगिंग' म्हणजे भुणभुण. सूचना चालू करा, सूचना चालू करा, प्रत्येक वेळी ॲप उघडलं की तेच. यात भाषांतर असं काही नाही, डास कानाशी करतो तेच हे. 'फॉल्स अर्जन्सी' ही खोटी घाई. 'बास्केट स्नीकिंग' म्हणजे तुमच्या पिशवीत नकळत काहीतरी सरकवणं. 'बेट अँड स्विच' मार्केट यार्डात सगळ्यांना कळतं: पेटीत वरचा थर देवगडचा, खाली कर्नाटकचा आंबा.

'कन्फर्म शेमिंग'साठी माझ्या मनात 'टोमणा' आहे. नाही म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण. प्रवास विमा नको असेल तर 'मी असुरक्षितच राहीन' यावर बोट ठेवायला लावायचं, असं उदाहरण मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. हा घरगुती टोमणाच झाला. 'असू दे, आमचं कोण ऐकतंय' याच जातीचा.

अडतो ते 'ड्रिप प्रायसिंग'पाशी. सुरुवातीला ६०० रुपये दाखवायचे, मग सोयीचं शुल्क, मग आसनाचं शुल्क, आणि शेवटच्या पानावर ७८०. 'ठिबक भाव' चटकन सुचतो, पण ठिबक हा महाराष्ट्रात चांगला शब्द आहे. ठिबक सिंचनाने पाणी वाचतं, शेतकऱ्याने कर्ज काढून ते बसवलेलं असतं. तो शब्द बदनाम करायला मन घेत नाही.

खिळेछाप:

'चढती पावती' म्हणा. पानागणिक चढते.

टाकबोरू:

घेतली. 'चढती पावती' ऐकताक्षणी कळते, आणि ठिबकही वाचलं.

शेवटचा प्रश्न राहतो बटणांवर काय लिहायचं याचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपलच्या लिसा संगणकावर काम चालू असताना 'डू इट' असं बटण होतं. तिथले संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांनी माणसं बसवून चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की लोक ते दाबायला बिचकतात. दोन शब्दांमधली फट इतकी बारीक होती की एकाने 'Do It' हे 'Dolt' (डोल्ट) असं वाचलं, म्हणजे मठ्ठ, आणि तो चिडला. ते बटण बदलून 'ओके' झालं. बनवणाऱ्यांना अक्षरं पडद्यावर नीट दिसतच होती. चूक दिसली ती माणूस समोर बसवल्यावर.

म्हणून रविवारी मी वहीच्या कागदावर तो चौकोन पेनाने काढला आणि मावशीपुढे ठेवला. 'तुम्हाला खात्री आहे की' हे सगळं काढून टाकलं, तसं मराठीत कुणी विचारत नाही. वर लिहिलं: 'हे तिकीट रद्द करायचं?' खाली सारख्याच आकाराची, एकाच शाईची दोन बटणं: 'हो, रद्द करायचं' आणि 'नको, राहू दे'. 'करा' मुद्दाम टाळलं. 'रद्द करा' म्हणजे ॲप मावशीला सांगतंय की मावशी ॲपला, हे कळत नाही. 'करायचं' म्हटलं की बोलणारी मावशीच.

तिने चष्मा पुसला, दोन्ही बटणं मोठ्याने वाचली आणि पहिल्यावर बोट ठेवलं. मग कागद उलटा करून पाठीमागे पाहिलं.

"काय बघतेस, मावशी?"

"पैसे किती परत येणार आणि कधी, ते कुठे लिहिलंयस?"