फ्रोझन मासा एअर फ्रायरमध्ये: बाहेर ओला, आत गार. सल्ला हवा (नवीन खरेदी नको!)

ओलीसुकी:
एअर फ्रायर ४ लिटरचा, बास्केटवाला. फ्रीजरमध्ये दोन प्रकार आहेत. तयार फिश फिंगर्स, आणि पांढऱ्या माशाचे साधे फिले (मधला काटा काढलेले सपाट तुकडे). फिले प्रत्येकी साधारण १५० ग्रॅमचे, मधोमध अडीच सेंमी जाड, कसलंही कोटिंग नाही. फिंगर्स बरी होतात. फिले २०० अंशांवर १० मिनिटं ठेवले की वरून पांढरट ओले, खाली पाणीच पाणी, आणि मधे गार गाठ. १५ मिनिटं ठेवले तर कडा वातड.
अटी तीनच: (१) आदल्या रात्री वितळायला काढून ठेवणं जमणार नाही. (२) फ्रीजर ते ताट २५ मिनिटांत. (३) नवीन काहीही विकत घ्यायचं नाही. ब्रेडक्रम्ब लावून कुरकुरीत झाले तर उत्तम.

हवाबाज:
४ लिटर म्हणजे दोन फिल्यांतच गच्च. हवा फिरायला जागा नाही म्हणून वाफ कोंडते. दोन कप्प्यांचा ७-८ लिटरचा घ्या, एका कप्प्यात मासा, दुसऱ्यात बटाटे, दोन्ही एकदम तयार. आमच्याकडे तोच आहे. प्रश्नच मिटला.

ओलीसुकी:
अट क्र. ३.

तळणतज्ज्ञ:
रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, दुसरा इलाज नाही. गोठलेल्या माशावर मीठसुद्धा बसत नाही, घरंगळून खाली पडतं.

ओलीसुकी:
अट क्र. १ 🙂

काटेकोर:
आधी हे का होतं ते बघू, मग उपाय सोपा वाटेल. १ किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळायला साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी शून्यावरून ६३ अंशांपर्यंत (मासा शिजल्याचं तापमान) न्यायला सुमारे २६४. माशात ७० ते ८० टक्के पाणी. म्हणजे तुमच्या दहा मिनिटांतला मोठा वाटा शिजवण्यात नाही, वितळवण्यातच जातो. तोवर २०० अंशांची हवा कडांवर आदळत असते. कडा शिजून पुढे गेल्या, मधला भाग अजून शून्यावरच. म्हणून सुरुवात मंद हवी.

दुसरं म्हणजे ते खालचं पाणी. फिल्यावर काचेसारखा चकचकीत बर्फ दिसतो ना, तो माशातला नाही. फ्रीजरमध्ये मासा सुकू नये म्हणून कारखान्यात पाण्यात बुडवून चढवलेला थर असतो. तो तसाच आत टाकला तर आधी तोच वितळणार आणि मासा वाफेवर शिजणार. पाकिटातून काढला की गार पाण्याच्या धारेखाली १५-२० सेकंद धरा. बोटांना आधी गुळगुळीत लागतो, मग एकदम खरखरीत लागायला लागतो. खरखरीत लागला की थर गेला. लगेच कागदाने नाहीतर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून टिपा.

आता क्रम:
बास्केटला तेलाचा हात, ३ मिनिटं रिकामी तापवणे. फिले बोटभर अंतर ठेवून, एकावर एक नाही. १६० अंश, ८ मिनिटं, काहीही न लावता. बाहेर काढा, खालच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाका (हे लोक विसरतात), माशाचा वरचा भाग पुन्हा टिपा. आता मीठ-मिरपूड बसते. शेपटीकडचं पातळ टोक आता वळतं, ते खाली दुमडून घ्या म्हणजे जाडी सारखी होते. वर क्रम्ब दाबून बसवा. मग २०० अंश, ६ ते ८ मिनिटं. सगळं मिळून २० मिनिटांत.

आळशी_आचारी:
+१. बर्फाचा थर धुऊन टिपणे सगळ्यात महत्त्वाचं. आणि मधे एकदा पाणी ओतून टाका.

ब्रेडप्रेमी:
काटेकोर यांनी क्रम्बचं एका ओळीत उरकलंय, खरी मेख तिथेच आहे. कोरडे क्रम्ब एअर फ्रायरमध्ये पांढरेच राहतात, कारण रंग यायला तेल लागतं आणि इथे ते कढईतून मिळत नाही. ३ टेबलस्पून क्रम्बला १ टीस्पून तेल आधीच बोटांनी चोळून घ्या. ओल्या वाळूसारखे दिसायला हवेत, गोळा होता कामा नये. चिकटवायला अंडं नको. अर्धवट गार माशावरून अंडं ओघळतं, जाळीतून खाली जातं आणि ट्रेमध्ये त्याचं ऑम्लेट होतं. फिल्याला एक टीस्पून मेयोनेज पातळ फासा. त्यात तेल असतंच, त्यामुळे क्रम्ब धरून ठेवतं आणि खालूनही रंग येतो. फक्त वरच्या बाजूला लावा.

तळणतज्ज्ञ:
अंड्याने उत्तम चिकटतात. आधी कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचं, मग अंडं, मग क्रम्ब. तीन ताटल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे ती.

ब्रेडप्रेमी:
वितळलेल्या, कोरड्या माशावर चिकटतात. इथे प्रश्न अर्ध्या गोठलेल्याचा आहे. कॉर्नफ्लोअर ओल्या माशावर पडलं की त्याचा चिखल होतो, आणि तो शिजला की क्रम्बसकट साल निघाल्यासारखा अख्खा थर सुटून येतो.

नवशिका_७:
बेसनासारखं पातळ पीठ भिजवून त्यात बुडवला तर? तळताना करतो तसं?

ब्रेडप्रेमी:
नको. ते पीठ कढत तेलात पडल्या पडल्या घट्ट होतं म्हणून टिकतं. इथे घट्ट व्हायच्या आत जाळीतून गळतं, उरलेलं पंख्याच्या वाऱ्याने एका बाजूला सरकतं. नंतर बास्केट घासत बसायचं.

जाळीवाला:
भोकं पाडलेला बेकिंग पेपर मागवा, शंभराचा गठ्ठा मिळतो. मासा अजिबात चिकटत नाही.

ओलीसुकी:
अट क्र. ३, तिसऱ्यांदा. (पहिली पोस्ट न मोजणारे हवाबाज असतील तर दुसऱ्यांदा.)

काटेकोर:
साधा बेकिंग पेपर घरात असेल तर त्यालाच सुरीच्या टोकाने भोकं पाडा. माशापेक्षा मोठा कापू नका, नाहीतर खालून हवा बंद होते आणि बूड ओलं राहतं. आणि रिकामी बास्केट तापवताना कागद आत ठेवायचा नाही. वर मासा नसला की वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि जळतो. तेलाच्या स्प्रेचा डबाही टाळा. त्यातल्या बऱ्याच डब्यांत लेसिथिन (तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ) असतं, त्याचा चिकट पिवळट थर नॉनस्टिकवर बसतो आणि घासला तरी निघत नाही. ब्रशने साधं तेल लावलेलं बरं.

तळणतज्ज्ञ:
मधे पलटायचा की नाही ते कुणी बोललंच नाही. पलटायलाच हवा.

आळशी_आचारी:
फिंगर्स पलटा, फिले नको. हवा वरून येते, जाळीमुळे खालूनही थोडी लागते. फिला पलटताना दोन तुकडे होतात आणि वरचे क्रम्ब खाली जाऊन मऊ पडतात.

तळणतज्ज्ञ:
रुंद उलथनं वापरलं तर मोडत नाही.

आळशी_आचारी:
४ लिटरच्या बास्केटमध्ये रुंद उलथनं आडवं होतं का ते आधी बघा.

सुरक्षित_स्वयंपाक:
इतकी चर्चा झाली, पण शिजलाय हे कळणार कसं? प्रोब थर्मामीटर घ्याच. सगळ्यात जाड भागात मधोमध टोचायचा, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा आकडा ६३ अंश सेल्सिअस. गोठलेल्या माशाच्या बाबतीत तर जास्तच गरज, कारण वरून पूर्ण शिजलेला दिसतो आणि आत ३० अंश निघतात. घड्याळ बघून शिजवणं म्हणजे अंदाजपंचे.
शिवाय काटेकोर यांना पुरवणी: कधी फ्रीजमध्ये वितळवायची वेळ आली आणि पाकीट व्हॅक्यूमचं असेल, तर आधी ते कापून उघडा. हवाबंद जागेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जीवाणूचे काही प्रकार फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात. गोठलेला असेपर्यंत धोका नाही, वितळला की आहे.

ओलीसुकी:
थर्मामीटर नाही. घेणार नाही. पाकिटाचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

काटेकोर:
मग धातूची बारीक सळई किंवा पातळ सुरीचं टोक. जाड भागात मधोमध खुपसा, ५ सेकंद थांबा, काढून लगेच मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवा. गार लागलं तर २-३ मिनिटं आणखी. कोमट लागलं तर आणखी एक-दोन मिनिटं. चटका बसला तर झालं. दुसरी खूण म्हणजे काट्याने जाड भागात किंचित मुरड द्या, पाकळ्या आपोआप सुट्या व्हायला हव्यात आणि मधला काचेसारखा पारदर्शकपणा पूर्ण गेलेला हवा. आत जाताना सळई कुठे अडली तर तिथे अजून बर्फ आहे, ते तापमान बघायचीही गरज नाही.

सुरक्षित_स्वयंपाक:
मनगट म्हणजे थर्मामीटर नव्हे.

काटेकोर:
नाहीच. पण त्यांच्याकडे मनगट आहे.

नवशिका_७:
सॅल्मनलाही हेच चालेल? त्यावर पांढरा दह्यासारखा थर येतो तो खराब आहे का?

आळशी_आचारी:
खराब नाही. माशातलंच प्रथिन आहे, स्नायू आकसले की पिळून बाहेर येतं आणि घट्ट होतं. जास्त आला म्हणजे आच फार किंवा वेळ फार. सॅल्मनला दुसऱ्या टप्प्यात २०० ऐवजी १८० ठेवा, कातडी खाली. चरबी ट्रेमध्ये ठिबकून धूर होत असेल तर खालच्या ट्रेमध्ये दोन टेबलस्पून पाणी घाला, तुमच्या मशीनच्या माहितीपत्रकात चालतं म्हटलं असेल तरच.

हवाबाज:
मोठ्या मशीनमध्ये धूर होत नाही.

आळशी_आचारी:
होतो.

गारपाणी:
एवढा खटाटोप कशाला? झिपच्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासात वितळतो. पाणी मधे एकदा बदला. मग सरळ २०० अंश, ९-१० मिनिटं. गरम पाणी मात्र नको, बाहेरचा थर नको इतका वेळ कोमट राहतो आणि कडा भुसभुशीत होतात.

ओलीसुकी:
३० + १० = ४०. अट क्र. २. ती एकटीच शाबूत होती.

गारपाणी:
त्या अर्ध्या तासात दुसरं काहीतरी करा की.

ओलीसुकी:
दोनदा करून पाहिलं, इथे लिहून ठेवते.
पहिल्यांदा काटेकोर यांचे दोन टप्पे, ब्रेडप्रेमी यांचे मेयोनेजवाले क्रम्ब. चव आणि रंग दोन्ही छान. पण मधे काढा, गरम ट्रेमधलं पाणी ओता, टिपा, टोक दुमडा, फासा, दाबा, पुन्हा आत. जेवणाच्या वेळी एवढं होणार नाही.
दुसऱ्यांदा: थर धुतला, टिपला, सरळ १८० अंशांवर १५ मिनिटं, दहाव्या मिनिटाला फक्त पाणी ओतलं आणि मीठ घातलं. सळई टेकवली, चटका बसला. कडा मऊ, मधे गाठ नाही. क्रम्ब लावलेच नाहीत. मासा आत असताना चमचाभर तेलात, ठेचलेल्या लसणीबरोबर तव्यावर ४ मिनिटं परतून घेतले आणि ताटात वरून पेरले. एकूण २२ मिनिटं. यापुढे असंच करणार.

ब्रेडप्रेमी:
वरून पेरलेले क्रम्ब म्हणजे कोट नव्हे. दोन मिनिटांत माशाच्या ओलाव्याने मऊ पडतील.

ओलीसुकी:
दोन मिनिटांत संपतो.

तळणतज्ज्ञ:
तवा काढलाच होता तर मासाही त्यावरच करायचा ना.

हवाबाज:
किती फिले झाले एका वेळी? दोनच ना? दोन कप्प्यांच्या मशीनमध्ये चार झाले असते.