मदत हवी आहे: प्रेसवर भावाचं बोट गेलं, ठेकेदार म्हणतो वीस हजार घ्या आणि सही करा

नमस्कार. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय २४, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं मशीन) हेल्पर, पगार १४,०००. ३ ऑगस्ट २०२४ ला सेकंड शिफ्ट संपत आली होती. डायमध्ये (साच्यात) अडकलेला पीस काढायला हात घातला आणि प्रेस खाली आला. उजव्या तर्जनीची वरची दोन पेरं गेली.

हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला असतं ते गार्ड महिनाभर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सुपरवायझरनेच काढायला लावलेलं. आता तोच म्हणतो, "गार्ड नव्हतं तर हात घातलास कशाला?"

खासगी दवाखान्यात त्यांनीच नेलं, बिलही भरलं. पण केसपेपरवर लिहिलंय, "घरी दारात बोट चेपले". आम्ही पोचायच्या आत हे उरकलेलं. काल ठेकेदार पेढे आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी आला. वीस हजार घ्या, यापुढे काही मागणी नाही असं लिहून द्या. आई म्हणते घेऊन टाका, नोकरी तरी राहील. भावाला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही.

एका बोटाला भरपाई मिळते का, की अख्खा हात जावा लागतो? आणि चूक त्याचीच धरली तर?

जुना_कामगार: ताई, आधी सही थांबवा. २०२४ मध्ये लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ मध्ये हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातलच आहे. तरी तो कागद पुढे तुमच्यासमोर नाचवतात आणि वर्ष वाया जातं.

अख्खा हात जायची गरज नाही. कामामुळे, कामावर असताना इजा झाली आणि तीन दिवसांहून जास्त काम करता आलं नाही, तरी हक्क लागतो. बोटांचा तर पेरापेराचा हिशेब कायद्याच्या परिशिष्टात दिलाय. तर्जनीचं एक पेर ९ टक्के, दोन ११, पूर्ण बोट १४. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००, त्याला कायद्यातला २४ वर्षं वयाचा गुणक २१८.४७, आणि त्याचे ११ टक्के. झाले २,०१,८६६ रुपये. आता पेढे कशाचे ते कळलं ना?

गार्ड कामगाराने स्वतः मुद्दाम काढलं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. भिंतीला टेकवलेल्या गार्डचा फोटो कुणा सोबत्याच्या मोबाइलात असेल तर आजच मागून घ्या.

सिडकोवाला: हिशेब बरोबर, पण ईएसआय (कामगार राज्य विमा) राहिलं की! कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय लागू, आणि मग १९२३ च्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. तिकडे एकरकमी नाही, पण विश्रांतीच्या काळात रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के, आणि नंतर मेडिकल बोर्ड जेवढी टक्केवारी ठरवेल त्या मानाने दरमहा, आयुष्यभर. कामावर पहिला दिवस असला तरी मिळतं. पगारचिठ्ठी बघा आधी.

मला खरी भीती त्या केसपेपरची वाटते. भावाच्या सहीने आजच कंपनी आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टाने पत्र टाका: तारीख, वेळ, मशीन, कोण हजर होतं. अपघात नोंदवहीत नोंद करा, असंही त्यात मागा.

कानठळ्या: अवांतर, पण मी पंधरा वर्षं प्रेसशॉपमध्ये आहे आणि डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. हे पण इजेत येतं का?

जुना_कामगार: येतं. आवाजाने गेलेले कान व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, सिलिकोसिससारखेच (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार). आधी ऑडिओमेट्री (कानाची तपासणी) करून घ्या, बाकी वेगळ्या धाग्यावर बोलू. इथे बोटाचं चाललंय.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. कपाटातून जुलैची पगारचिठ्ठी काढली. 'ईएसआय १०५' कापलेत! भाऊ म्हणतो कार्ड कधी दिलंच नाही.

सिडकोवाला: १४,००० चे पाऊण टक्का, १०५ च होतात. ठेकेदाराने पुढे भरले नसले तरी भावाचा हक्क जात नाही, ती वसुली ईएसआयवाले मालकाकडून करतील. चिठ्ठी आणि आधार घेऊन सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात जा, मूळ चिठ्ठी कुणाच्या हातात देऊ नका.

धागाकर्ती: उद्या सकाळी निघतोय. स्टॅम्पपेपर कोराच परत केला. पेढे मात्र आईने शेजारी वाटून टाकले होते.